बोडीतील पीक

आपल्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी पाळी बांधून पाणी अडविले व त्यावर धान आणि ऊस पिकविला. ढिवर बांधवांनी त्याच पाण्यात जाळे टाकून पोट भरले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. पाणी आजही आहे. तरी पाण्याकाठच्या पुष्कळ घरांत दारिद्र्यही आहे. असे का? शेतात पेरल्यावाचून कोणी कापणीची आशा करीत नाही. पाण्यात मात्र आपण तशी आशा करितो. यास्तव बोडीची शेती कशी करावी, ह्याचा आज विचार करू.

१. बीज. कटला, रोहू व मृगल हे मूळचे नदीचे मासे. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. बोडीच्या साचलेल्या पाण्यात घालीत नाहीत. म्हणून बीज विकत आणावे लागते. पूर्वी ते नद्यांतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी ओडिशात माशांस अंतःस्रावाची सुई देऊन त्यांजकडून अंडी घालविण्यात यश मिळविले, तेव्हापासून बीज केंद्रांत तयार होऊ लागले. जिरे स्वस्त मिळतात. पण मरळ व इतर मांसाहारी मासे ती खाऊन टाकतात. बोटाएवढी वाढलेली बोटुकलीच सोडावी. स्वस्त बीज शेवटी महाग पडते.

२. प्रमाण. कटला वरच्या पाण्यातील, रोहू मधल्या पाण्यातील व मृगल तळाशी अन्न खातो. म्हणून तिघे एकत्र असले तरी एकमेकांचा घास हिरावीत नाहीत. अर्ध्या एकराच्या बोडीत साधारण १,००० बोटुकली पुरे: ४०० कटला, ३०० रोहू, ३०० मृगल. त्यांतील निम्मी जगली व प्रत्येकी अर्धा किलो भरली असे समजा, तर २५० किलो मासे हाती येतील. अधिक सोडल्याने अधिक मिळत नाही, सर्वच खुरटतात.

३. मशागत. बीज सोडण्यापूर्वी सुमारे ५० किलो चुना टाकावा, नंतर शेणखत घालावे. पुढे भाताचा कोंडा व शेंगदाण्याची ढेप सारख्या प्रमाणात मिसळून रोज थोडथोडी द्यावी. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला असे जाणावे. खाद्य व शेण तत्काळ बंद करून ताजे पाणी सोडावे.

४. सावधगिरी. नको असलेले मासे मारण्यास मोहाची ढेप वापरतात. तिचा विषार सुमारे तीन आठवडे टिकतो. तोवर बीज सोडू नये. तथापि हा उपाय स्वतःच्या लहान बोडीपुरताच. गावतलावात तो कदापि करू नये, कारण तेथील लहान देशी मासे हेच भूमिहीनांच्या हंडीतील कालवण होय. मोठा मासा बाजारात जातो; लहान मासा लेकरांच्या ताटात जातो. ही गोष्ट ओळखून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्रीपुरुषांस बरोबर घेऊन तलावांतील बेशरम उपटली व देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पतींच्या आश्रयाने लहान मासे अंडी घालतात व वाढतात.

५. हिशेब. बीजासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासा पाण्यात असतानाच त्याचा होतो, आणि भावही तोच ठरवितो. मग पीक कितीही येवो, घरी दारिद्र्यच राहते. यास्तव चार घरांनी मिळून किंवा सहकारी संस्थेमार्फत बीज आणावे. मासे पाळीवरच तोलावे. वही सर्वांसमोर वाचावी. आणि विक्रीतून पुढच्या वर्षाच्या बीजाचे पैसे प्रथम बाजूस काढावे. बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही.

विचारासाठी प्रश्न:
(१) आपल्या गावच्या तलावातील मासा आज कोणाच्या घरी जातो?
(२) त्यात लहान देशी मासे कोणते उरले आहेत, व कोणते दिसेनासे झाले? वडील माणसांस विचारा.
(३) उचल न घेता यंदाचे बीज आणावयाचे, तर किती घरांनी एकत्र यावे लागेल?