बर्फाखालील माणसाचा शोध : दिशा, अंतर आणि खोली

दिनांक 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीन हिमनदीच्या परिसरात, सुमारे 19,600 फूट उंचीवरील एका लष्करी चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. मद्रास रेजिमेंटचे दहा जवान त्याखाली गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवानही होता. शोधकार्यासाठी रडार, बिनतारी संदेश टिपणारी उपकरणे आणि प्रशिक्षित श्वान तेथे नेण्यात आले. पाच दिवसांनंतर लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद हे सुमारे 25 फूट बर्फाखाली जिवंत सापडले. परंतु 11 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. इतर नऊ जवानांपैकी कोणीही वाचू शकला नाही.

इतके दिवस बर्फाखाली तग धरणे हा अपवाद होय. हिमस्खलनात पूर्णतः गाडल्या गेलेल्या व्यक्तींचा युरोपात जो अभ्यास झाला, त्यावरून पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हेच प्रमाण दहांपैकी तिनापर्यंत घसरते, असे दिसून आले आहे. मृत्यूचे प्रमुख कारण गुदमरणे हे असते. म्हणूनच दूरवरून येणाऱ्या मदत पथकापेक्षा जागेवर असलेल्या सोबत्याच्या हातात काय आहे, यावर जीव वाचणे अवलंबून राहते.

एकच यंत्र, दोन कामे

या गरजेतून अंगावर बाळगावयाचे लहान बिनतारी यंत्र निर्माण झाले. अमेरिकेतील जॉन लॉटन यांनी 1968 मध्ये अशा यंत्राचा पहिला नमुना तयार केला. आज ही यंत्रे जगभर 457 किलोहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर चालतात. त्यामुळे एका उत्पादकाच्या यंत्राचा संकेत दुसऱ्याच्या यंत्राला टिपता येतो.

मोहीम निघताना प्रत्येक जण आपले यंत्र प्रक्षेपणावर ठेवतो. यंत्रातून साधारणतः दर सेकंदाला एक स्पंद बाहेर पडतो. हिमस्खलन झाल्यास बचावलेले सर्व जण आपापली यंत्रे शोधाच्या स्थितीत आणतात. एकानेही ही दक्षता घेतली नाही, तर त्याचाच संकेत इतरांची दिशाभूल करतो. भ्रमणध्वनीसारखी विजेची उपकरणेही शोधयंत्रापासून दूर ठेवावी लागतात.

लोहचुंबकाचा धडा

457 किलोहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे 650 मीटर असते. शोध मात्र काही दशक मीटरांच्या आतच चालतो. इतक्या जवळ या यंत्राचे क्षेत्र लोहचुंबकाच्या क्षेत्रासारखे असते आणि बर्फामुळे त्यास फारसा अडथळा होत नाही. शाळेच्या प्रयोगात कागदाखाली चुंबकपट्टी ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरला, की वक्र रेषा उमटतात. बर्फाखालील यंत्राभोवतीही अशाच अदृश्य रेषा पसरलेल्या असतात. शोधयंत्रावरील बाण या रेषांची दिशा दाखवितो. शोधकर्ता त्यामुळे सरळ न जाता वळणाने लक्ष्याकडे पोहोचतो, आणि यंत्रावरील अंतराचा आकडाही सरळ रेषेतील नेमके अंतर नसून अंदाज असतो.

संकेताचे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर दुप्पट झाल्यास बल एक-अष्टमांश होते. लक्ष्य जवळ येताच संकेत झपाट्याने वाढतो तो यामुळेच.

तिसरी मिती

खरी कसोटी शेवटच्या तीन मीटरांत लागते. येथे यंत्र बर्फाच्या पृष्ठभागालगत धरून, त्याची दिशा न बदलता, प्रथम एका रेषेत व नंतर तिला काटकोनात असलेल्या रेषेत सावकाश फिरवितात. ज्या ठिकाणी आकडा सर्वांत लहान येतो, ती जागा खुणेने निश्चित करतात. तेथे आकडा शून्यावर येत नाही. कारण आडवे अंतर संपले तरी उभे अंतर, म्हणजे खोली, शिल्लक असते. हा उरलेला आकडाच खोलीचा पहिला अंदाज होय.

जुन्या एक अँटेनाच्या यंत्रांत खोलवर गाडलेल्या व्यक्तीच्या बाबतीत कमाल संकेताच्या दोन जागा मिळत आणि त्यांच्या मध्ये, प्रत्यक्ष व्यक्तीच्या वर, संकेत क्षीण होई. आधुनिक यंत्रांत परस्परांना काटकोनात असलेल्या तीन अँटेना असतात. त्या तिन्ही मितींतील संकेत एकत्र मोजतात व ही फसगत बहुतांशी टळते.

तरीही अखेरचा निर्णय सळईचाच असतो. खुणेपासून सुरुवात करून, सुमारे 25 सेंटिमीटरच्या अंतराने, चक्राकार पद्धतीने लांब सळई बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसली जाते. व्यक्ती लागली की सळई तेथेच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणण्यास आरंभ करतात. यंत्र, सळई आणि फावडे यांपैकी एक जरी नसले, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग फारसा होत नाही.

सरावाचे महत्त्व

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक तरुण गिर्यारोहणासाठी हिमालयात जातात. पाठविणाऱ्या संस्थांनी व शिक्षकांनी ही साधने पुरविण्याबरोबर त्यांचा सरावही करून घेणे अगत्याचे आहे. मैदानात वाळूच्या ढिगात यंत्र पुरून ठरावीक वेळेत ते शोधण्याचा सराव कोणत्याही गावी करता येतो.

दरडीखाली सापडलेल्या गावकऱ्यांच्या अंगावर असे यंत्र नसते. तथापि या शास्त्राचा मूळ धडा तेथेही लागू पडतो. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा पायवाटेखेरीज वर जाण्यास मार्ग नव्हता आणि अवजड यंत्रे तेथे पोहोचू शकली नाहीत. अशा प्रसंगी कोणते घर कोठे होते, त्यात किती माणसे होती, ती शेवटी कोठे दिसली, ही माहिती शोधाचे क्षेत्र आकुंचित करते. ती माहिती गावापाशीच असते. डोंगरउतारावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने घरांचा नकाशा व रहिवाशांची यादी अद्ययावत करून तिची प्रत गावाबाहेर सुरक्षित ठेवली, तर बाहेरून येणाऱ्या पथकाचा बहुमोल वेळ वाचेल.