दव गोठण्याच्या रात्री : बागेची तयारी सूर्यास्तापूर्वी करा



आपला प्रदेश उष्ण कटिबंधातला. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या जळगाव-नाशिकच्या शिवारात बर्फाची काळजी करण्याची वेळ कशाला येईल, असे कोणालाही वाटेल. तरीही डिसेंबर २०१८ च्या अखेरच्या आठवड्यात निफाड तालुक्यात पारा २ अंशांच्या आसपास उतरला आणि पहाटे पानांवरचे दवबिंदू गोठलेले अनेक बागायतदारांनी पाहिले. महाबळेश्वरजवळ वेण्णा तलावाच्या परिसरात तर स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण साचल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात. ही गोष्ट नवीनही नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झालेली आहे.

अशा रात्री हंगामात दोन-चारच येतात. परंतु द्राक्ष किंवा केळीच्या बागेत वर्षभराचा खर्च आणि सोसायटीचे कर्ज अडकलेले असते, आणि नुकसान व्हायला एक रात्र पुरते. पहाटे चार वाजता उठून शेकोट्या पेटवल्या की बाग वाचते, असा सर्वसाधारण समज आहे. शेकोटीचा उपयोग होतो, पण तो मर्यादित. बाग वाचवण्याचे खरे काम आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकायचे असते. ते का, हे समजून घेतले म्हणजे पुढच्या शिफारशी आपोआप पटतील.

थंडी बागेत कशी उतरते

उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, हिमालयात बर्फ पडला, की त्यामागून उत्तरेचे कोरडे थंड वारे मध्य महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी बोचरा वारा असतो. त्या दिवशी माणसाला थंडी फार वाजते, पण पिकाला धोका त्या मानाने कमी असतो, कारण वाऱ्यामुळे वरची उबदार आणि खालची थंड हवा एकमेकींत मिसळत राहते. वारा पडतो आणि आकाश निरभ्र राहते ती दुसरी किंवा तिसरी रात्र धोक्याची. दिवसभर जमिनीत साठलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते. ढगांचे पांघरूण नसल्याने ती परत येत नाही. जमीन आणि पाने थंड होतात, त्यांना लागलेली हवा थंड होते, आणि जड असल्यामुळे तिथेच साचून राहते. मांडवाच्या वर तीस-चाळीस फुटांवर हवा चार-पाच अंशांनी उबदार असू शकते, पण ती खाली उतरत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. हवामान केंद्रातील तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर ठेवलेला असतो. उघड्या आकाशाखालचे पान त्याहून दोन-तीन अंशांनी अधिक थंड होते. म्हणून केंद्रावर ३ किंवा ४ अंशांची नोंद असतानाही शेतात दव गोठलेले दिसू शकते.

धोक्याची रात्र ओळखावी कशी

भारतीय हवामान विभागाचा पाच दिवसांचा अंदाज पाहावा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून खाली गेले की थंडीची लाट समजतात. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेल्यास सरासरी न पाहताही लाट धरली जाते. हा अंदाज मात्र जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो. आपल्या शेताचा अंदाज आपणच घ्यावयाचा. बागेच्या सर्वांत सखल भागात, वेलीच्या उंचीवर, एक साधा किमान-कमाल तापमापक टांगावा आणि रोजची नोंद वहीत ठेवावी. पंधरा दिवसांत आपले शेत जवळच्या केंद्रापेक्षा किती अंशांनी थंड असते ते कळते. एकदा हा फरक हाती आला की जिल्ह्याच्या अंदाजावरून आपल्या शेताचा हिशेब मांडता येतो.

संध्याकाळी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. वारा पूर्ण पडला आहे काय, आकाश स्वच्छ आहे काय, आणि दव पडू लागले काय. दव लवकर व भरपूर पडले तर वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. रात्री दहापर्यंत पाने कोरडीच राहिली तर हवा फार कोरडी आहे आणि पारा पहाटेपर्यंत झपाट्याने उतरेल, असे समजावे.

थंड हवा उतार शोधते

थंड हवा उताराने पाण्यासारखी वाहते आणि खोलगट जागी साचते. वेण्णा तलावाच्या खोलगट भागात हिमकण पडलेले असतात, त्याच पहाटे वरच्या महाबळेश्वर गावात तापमान काही अंशांनी जास्त असते. नदीकाठच्या, ओढ्यालगतच्या आणि बांधाच्या आतल्या सखल तुकड्यांची तशीच गत असते. वाराबंदीसाठी लावलेली शेवरी किंवा गजराज गवताची दाट भिंत थंड वारे अडवते हे खरे. पण तीच भिंत शेताच्या खालच्या बाजूला सलग असेल तर साचलेल्या थंड हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरच्या व वाऱ्याच्या बाजूला भिंत दाट ठेवावी, खालच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी मोकळी फट ठेवावी. बांधावर रचलेले कडब्याचे ढीग व वाढलेले गवतही याच कारणासाठी खालच्या बाजूने हलवावे. नवीन बाग लावताना तर सखल तुकडा केळी-पपईला न देता गहू किंवा कांद्याला द्यावा.

ओली जमीन ही उष्णतेची कोठी

कोरड्या, भुसभुशीत जमिनीच्या कणांत हवा असते. ती दिवसाची ऊब खोलवर जाऊ देत नाही आणि रात्री खालची ऊब वर येऊ देत नाही. ओली व दबलेली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते व रात्री ती हळूहळू सोडते. म्हणून थंडीचा अंदाज आल्यावर एक-दोन दिवस आधी, शक्यतो सकाळच्या वेळी, जमिनीचा वरचा फूटभर थर ओला होईल इतके पाणी द्यावे. म्हणजे दुपारच्या उन्हाची ऊब त्यात मुरते. या काळात कोळपणी किंवा वखरणी करू नये. बागेतील तण कापून जमीन उघडी ठेवावी.

आच्छादनाबाबत अनेक जण विचारतात. उसाचे पाचट किंवा भुसा यांचे आच्छादन मुळांना सांभाळते आणि ओलही टिकवते, पण जमिनीतील उष्णता ते वरच्या पिकापर्यंत पोहोचू देत नाही. कडाक्याच्या रात्री जाड आच्छादनाच्या वरची हवा उघड्या ओल्या जमिनीवरील हवेपेक्षा थंड असते. त्यामुळे उन्हाळ्यात आच्छादनाची जी शिफारस आम्ही करतो, ती थंडीच्या लाटेत कमी उंचीच्या, फुलोऱ्यातील भाजीपाल्याला जशीच्या तशी लागू करू नये. तेथे दोन-तीन दिवसांपुरते पाचट ओळींच्या कडेला सारलेले बरे.

रात्री किंवा पहाटे पाणी देण्याचाही उपयोग होतो. त्याचा हिशेब पाहा. एकरी १० मि.मी. पाणी म्हणजे सुमारे ४०,००० लिटर. विहिरीचे पाणी २५ अंशांचे धरले आणि ते १० अंशांपर्यंत थंड झाले तर दर लिटरमागे १५ किलोकॅलरी, म्हणजे एकूण ६ लाख किलोकॅलरी उष्णता बागेत सुटते. इतक्या उष्णतेसाठी सुमारे १७० किलो वाळलेले लाकूड जाळावे लागेल, आणि लाकडाची बरीचशी ऊब वर निघून जाते ती वेगळीच. शेततळ्याचे पाणी स्वतःच थंड झालेले असते, म्हणून सोय असल्यास विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरावे.

अडचण विजेची आहे. रात्रीच्या पाळीला वीज असेलच असे नाही, आणि ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांना सूर्यास्तानंतर पाणी उपसता येत नाही. अशांनी पहाटेच्या पाण्यावर विसंबून राहू नये. दिवसा जमीन ओली करण्यावरच भर द्यावा. ज्यांना रात्री पाणी देता येते त्यांनीही अंधारात एकट्याने पंपावर जाऊ नये. सापाचे व विजेच्या धक्क्याचे भय थंडीत संपत नाही.

तुषार सिंचनाचा मोह मात्र टाळावा. अमेरिकेतील फ्लोरिडा हाही आपल्यासारखाच उबदार मुलूख. तेथील स्ट्रॉबेरी उत्पादक थंडीत पिकावर सतत तुषार सोडतात. पाणी गोठताना दर लिटरला ८० किलोकॅलरी उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या कवचाखाली फूल शून्य अंशाच्या आसपास तग धरते. पण हे तुषार बर्फ वितळेपर्यंत क्षणभरही थांबवता येत नाहीत. मध्येच वीज गेली तर पानांवरचे पाणी बाष्प होताना सातपट उष्णता ओढून घेते आणि न भिजलेल्या पिकापेक्षा भिजलेल्याचे नुकसान जास्त होते. जानेवारी २०१० मध्ये सलग अकरा दिवसांच्या थंडीत तेथे इतका उपसा झाला की भूजलाची पातळी खूप खाली गेली आणि शंभराहून अधिक ठिकाणी जमीन खचली. आपल्या विजेच्या आणि पाण्याच्या परिस्थितीत ही पद्धत बसत नाही.

शेकोटी : किती आणि कोठे

धूर पिकावर पांघरूण घालतो ही समजूत फारशी खरी नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यांतून बऱ्याच अंशी निघून जाते. उपयोग होतो तो शेकोटीच्या उष्णतेचा. म्हणून ओला पालापाचोळा जाळून नुसता धूर करण्यापेक्षा वाळलेल्या लाकडाच्या लहान लहान शेकोट्या अनेक ठिकाणी, विशेषतः सखल भागात व कडेच्या ओळींजवळ कराव्यात. एकच मोठी आगटी पेटवली तर तिची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. ढिगारे संध्याकाळीच रचून ठेवावेत. ठिबकच्या नळ्या, प्लॅस्टिकचे आच्छादन आणि केळीची वाळलेली पाने यांपासून ते दूर असावेत. टायर किंवा प्लॅस्टिक जाळू नये.

पीकवार काही सूचना

द्राक्षात घडाची अवस्था पाहून निर्णय घ्यावा. बागलाणसारख्या भागातील लवकर छाटलेल्या बागांत या दिवसांत मण्यांत साखर भरत असते. तेथे भरमसाट पाणी दिले तर मणी तडकतात. थोडे थोडे, विभागून, ठिबकनेच द्यावे. रात्र व दिवस यांच्या तापमानातील मोठ्या फरकामुळे थॉमसन व तिच्या निवडींत मणी गुलाबी पडतात. निर्यातीच्या बागेत घडांना पाणी उतरण्यापूर्वी कागद लावावा. उशिरा छाटलेल्या बागांत फुगवण मंदावते. ती वाढवण्यासाठी लाटेतच संजीवकांच्या फवारण्या करण्याची घाई होते. पाने काम करत नसताना ती फवारणी वाया जाते. पारा वर आल्यावरच करावी.

केळीला १० ते १२ अंशांखालीच त्रास सुरू होतो. नवीन पाने येणे थांबते, घड खोडाच्या गळ्यात अडकतो. रावेर-यावल भागातील बागायतदारांना हे सांगायला नको. घडांवर सच्छिद्र पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात व खोडाभोवतीची निरोगी वाळलेली पाने काढू नयेत. करपा रोग असलेली पाने मात्र कापून बागेबाहेर न्यावीत.

रोपवाटिकेवर संध्याकाळी पोती किंवा शेडनेट अंथरून सकाळी ऊन आल्यावर काढावे. आवरण पानांना टेकू देऊ नये, बांबूच्या कमानीवर ठेवावे. गहू व कांद्याला ही थंडी मानवते. हरभरा फुलोऱ्यात असेल तर फूलगळ होते, तेथे हलके पाणी पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

दव गोठल्याच्या सकाळी पाने काळवंडलेली किंवा भाजल्यासारखी दिसली तरी लगेच कात्री चालवू नये. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांतील सीमा आठ-दहा दिवसांनी, नवीन फूट दिसू लागल्यावर स्पष्ट होते. तोवर वरची मेलेली पाने खालच्या डोळ्यांना पुढच्या थंड रात्रीपासून थोडाफार आडोसा देतात. नत्रयुक्त खताचा हप्ता लांबवावा, कारण कोवळी फूट पुढच्या लाटेत सर्वांत आधी बळी पडते. द्राक्षात भुरीकडे लक्ष ठेवावे.

हवामान आधारित फळपीक विमा घेतला असेल तर एक लक्षात असू द्यावे. भरपाई महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, आपल्या बागेतील तापमापकावर नाही. सखल शेताचा शेतकरी यात अनेकदा मागे पडतो, कारण केंद्र उंच मोकळ्या जागी असले की पारा तिथे तितका उतरत नाही. म्हणून विमा उतरवतानाच आपले मंडळ कोणत्या केंद्राला जोडले आहे आणि कमी तापमानाची अट किती दिवसांची आहे, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. वहीतील रोजच्या नोंदी, तारखेसह काढलेली छायाचित्रे आणि कृषी सहाय्यकांना दिलेली लेखी सूचना जपून ठेवावी. मंडळातील केंद्राची जागा बदलून मागताना गावाने मिळून दिलेल्या अर्जाला अशा नोंदी जोडता येतात.