आधी सनद, मग सभा

मुलगी म्हणाली, ‘लॉ करून राजकारणात जायचंय’, की पालकांच्या पोटात गोळा येतो. भीती खोटी नाही, पण ती वकिलीच्या माथी मारणं चूक आहे. वकिली राजकारणात कशी कामी येते, याचं उदाहरण जवळच आहे. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक असतं. मुकुंदराव जयकर हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि त्याआधी मुंबई हायकोर्टातले बॅरिस्टर, हे फार थोड्यांना. राजकारणात त्यांना वकिलीचा उपयोग झाला तो भाषणं ठोकण्यापुरता नव्हे. १९१९च्या पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी काँग्रेसच्या समितीने केली, तेव्हा गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. चौघेही बॅरिस्टर. साक्षीदारांचे जबाब घ्यायचे, ऐकीव ते गाळायचं, उलटतपासणीत टिकेल तेवढंच कागदावर ठेवायचं, असं ते काम. १९२७ची रस्ते समितीही जयकरांच्याच अध्यक्षतेखालची. सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं ती आजही परीक्षेपुरती पाठ करतात. पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारा, असं तिने सुचवलं आणि १९२९मध्ये तसा निधी झालाही. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, जयकर लोकनेते कुठे होते? नव्हतेच. वकील लोकनेते होतातही: आयर्लंडचे बॅरिस्टर एडवर्ड कार्सन कोर्टात लेखक ऑस्कर वाइल्डची उलटतपासणी घेऊन गाजले आणि पुढे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या युनियनिस्टांचे पुढारी म्हणून अल्स्टरमध्ये प्रचंड सभा घेत राहिले. जयकरांच्या वाट्याला तशी गर्दी आली नाही. डिसेंबर १९४६मध्ये घटना समितीत ‘गैरहजर मुस्लिम लीगसाठी थांबा’ म्हणून ते उभे राहिले, तेही सभागृहाला रुचलं नाही. वकिलीची सनद मतं मिळवून देत नाही, हे मुलांनीही आधीच समजून घ्यावं.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो जास्त खरा. सीईटी, पुण्याच्या आयएलएससारख्या लॉ कॉलेजातली पाच वर्षं, मग बार परीक्षा, एवढं करूनही शिवाजीनगर कोर्टात ज्युनिअरच्या हातात सुरुवातीला फारसं काही पडत नाही. सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही. पण आमदार-खासदारांना वकिली करता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. तिकीट कापलं गेलं तरी चूल पेटती ठेवणारा धंदा ज्याच्याकडे आहे, तो पक्षात ‘नाही’ म्हणू शकतो. पूर्णवेळ कार्यकर्त्याला ते फार जड जातं. म्हणून घरात भांडण ‘राजकारण नको’ यावर नको. कुणाच्या चेंबरला बसणार आणि ती पहिली वर्षं घरून किती पैसे देता येतील, हे कॉलेजची फी भरायच्या आधी ठरवा.