अतिलहान कुत्र्याची निवड आणि आरोग्यरक्षण

शहरांतील सदनिकांमध्ये आणि आता तालुक्याच्या गावांतील घरांमध्येही अगदी लहान चणीचे कुत्रे पाळण्याची आवड वाढत असल्याचे दिसून येते. चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन या जातींची पिल्ले ओंजळीत मावतात, त्यांना जागा कमी लागते आणि अन्नही थोडे पुरते. यावरून अशा कुत्र्याची जबाबदारीही लहानच असावी, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. शरीर जितके लहान, तितकी चुकीला जागा कमी. मोठ्या कुत्र्याला जे सहज सोसते, तेच अतिलहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून असा प्राणी घरी आणण्यापूर्वीच त्याच्या प्रकृतीची ओळख करून घेणे हिताचे ठरते.

लहानपणाचे मूळ

कुत्र्याच्या आकारामागील आनुवंशिक कारणांवर अलीकडच्या संशोधनाने बराच प्रकाश टाकला आहे. शरीराच्या वाढीशी संबंधित असलेल्या ‘आयजीएफ-१’ या जनुकातील फरक लहान आकारास मोठ्या प्रमाणात कारणीभूत असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. लहान आकाराशी निगडित असलेला एक जनुकीय फरक सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे लहान आकाराचे बीज निसर्गातच होते. माणसाने निवड पद्धतीने ते जोपासले.

मेक्सिकोतील एका राज्याचे नाव लाभलेला चिवावा हा सर्वांत लहान जातींपैकी एक. त्याचे वजन साधारणतः पावणेतीन किलोपर्यंत असते. यॉर्कशायर टेरियर सुमारे तीन किलोचा, तर प्रमाणित पॉमेरेनियन दोन ते साडेतीन किलोंचा असतो. आपल्याकडे ‘पामेरियन’ या नावाने घरोघर ओळखला जाणारा पांढराशुभ्र कुत्रा मात्र बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तो थोडा मोठा व येथील हवामानाला अधिक सरावलेला असतो.

‘टीकप’ या नावाने विकली जाणारी पिल्ले ही कोणतीही स्वतंत्र जात नव्हे. जातीच्या प्रमाणापेक्षाही लहान पिल्ले मिळावीत, यासाठी खुरटलेल्या नर-मादींचा संकर केला जातो. काही वेळा वयाने कमी असलेले पिल्लूच ‘पूर्ण वाढीचे’ म्हणून दाखविले जाते. ग्राहकाने जितका लहान आकार मागावा, तितका दुबळा जीव जन्माला यावा, असे हे चक्र आहे. ते थांबविणे बऱ्याच अंशी खरेदीदाराच्याच हाती आहे.

जन्मतः आढळणारे दोष

चिवावाच्या काही पिल्लांची टाळू पूर्णपणे भरत नाही. अशा कुत्र्याच्या डोक्याला लागलेला लहानसा मारही गंभीर ठरू शकतो. टाळू उघडी असणे म्हणजे रोगच असे नाही. परंतु डोके घुमटासारखे फुगीर, डोळे खाली-बाहेर वळलेले, चाल अडखळती आणि शिकण्यात मंदपणा अशी लक्षणे सोबत असल्यास मेंदूत पाणी साठण्याच्या विकाराची शंका घ्यावी.

गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणे हा लहान जातींत वारंवार आढळणारा दुसरा दोष होय. चालता चालता कुत्रा मागचा एक पाय उचलतो, चार पावले लंगडी घालतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. मालकाला ही गंमत वाटते. प्रत्यक्षात ते सांध्याच्या झिजेचे पूर्वचिन्ह असू शकते. सौम्य अवस्थेत वजन आटोक्यात ठेवून भागते, तीव्र अवस्थेत शस्त्रक्रिया करावी लागते.

श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडून ती चपटी होण्याचा विकारही या जातींत आढळतो. हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा, ठसकेबाज खोकला ही त्याची खूण. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवून ओढणे धोक्याचे असल्याने छातीभोवती बसणारा पट्टा वापरावा. उतारवयात हृदयाच्या झडपेतून रक्त मागे झिरपण्याचा विकारही लहान जातींत अधिक दिसतो. त्यासाठी दरवर्षी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

साखर, थंडी आणि पडणे

लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तास पोटात अन्न न गेल्यास, प्रवासाचा ताण पडल्यास किंवा जुलाब झाल्यास रक्तातील साखर झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होते, थरथरते, झोकांड्या देते आणि पुढे त्याला आचके येतात. नव्या घरी आणल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिल्ले दगावण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. म्हणून तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार ते पाच वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. वरील लक्षणे दिसल्यास साखरेचे दाट पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यानंतर ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे.

वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग अधिक असल्याने लहान कुत्र्याच्या शरीरातील उष्णता लवकर निघून जाते. हिवाळ्यात उबदार अंथरूण आणि आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करणे आवश्यक असते. उलटपक्षी, दाट केसांच्या जातींना विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा असह्य होतो. चपट्या नाकाच्या जातींचे हाल तर त्याहून अधिक होतात. २००३ मध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत झळकल्यानंतर पग या जातीची मागणी देशभर वाढली. परंतु आखूड नाकामुळे त्याला धाप लागते आणि उष्माघाताचा धोका संभवतो, हे अनेकांना कुत्रा घरी आल्यावरच समजले.

अतिलहान कुत्र्याच्या पुढच्या पायाची हाडे काडीसारखी बारीक असतात. पलंगावरून मारलेली उडी किंवा मुलाच्या हातून निसटणे एवढेही ती मोडण्यास पुरते. त्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने मोडलेले हाड जुळण्यासही वेळ लागतो. घरात अगदी लहान मुले असल्यास हा मुद्दा निर्णायक मानावा.

प्रमाणाचा हिशेब

दोन किलोंचा कुत्रा आणि साठ किलोंचा माणूस यांच्या वजनात तीस पटींचा फरक असतो. तापावरची पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी अशा कुत्र्याला देणे म्हणजे माणसाने एका वेळी तीस गोळ्या घेण्यासारखे आहे. चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल हे पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. लहान कुत्र्यास त्यांची अल्प मात्राही घातक ठरते.

हाच हिशेब रक्ताला लागू पडतो. दीड किलोच्या कुत्र्याच्या अंगात सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे एक कपभर रक्त असते. गोचीड, पिसवा आणि आतड्यातील जंत यांनी शोषलेले थोडे रक्तही त्याला पांडुरोगाकडे नेते. वजनाचेही तसेच. अडीच किलोच्या कुत्र्याचे अर्धा किलो वजन वाढणे म्हणजे त्याच्या अंगावर पाचव्या हिश्श्याचा भार वाढणे. पोळीचा तुकडा, बिस्कीट, फरसाण अशा लाडाच्या घासांतूनच हा भार वाढतो.

कुत्र्याला एकूण ४२ कायमचे दात येतात. लहानशा जबड्यात त्यांची दाटी होते, दुधाचे दात न पडता तसेच राहतात, अन्न अडकते व हिरड्या सडतात. दात घासण्याची सवय पिल्लूपणापासून लावावी आणि सहा-सात महिन्यांच्या सुमारास दातांची तपासणी करून घ्यावी.

अतिलहान मादीपासून पिल्ले घेण्याचा मोह टाळावा. पिल्लांची डोकी मोठी आणि मादीचे कटिर अरुंद असल्याने अनेकदा शस्त्रक्रियेनेच प्रसूती करावी लागते. पिल्लांना दूध पाजण्याच्या काळात रक्तातील कॅल्शियम उतरून आचके येण्याचा धोकाही लहान जातींत अधिक असतो.

लसीकरणाची जबाबदारी

पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरील लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा करावे लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यावयाची असते व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित टोचावी लागते. कुत्रा लहान म्हणून लशीची मात्रा निम्मी करता येत नाही. मात्र, एकाच दिवशी अनेक लशी न टोचता त्या अंतराने द्याव्यात किंवा कसे, हे पशुवैद्यकाला अवश्य विचारावे.

घरातील लहान कुत्र्याचा दात लागला, तर अनेकजण त्याकडे दुर्लक्ष करतात. रेबीजला जात नाही आणि आकारही नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे. हे दोन नियम शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर बिंबविले पाहिजेत.

खरेदी करताना

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीचे नियम २०१७ मध्ये करण्यात आले. त्यांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक असून, आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाच्या पिल्लाची विक्री करता येत नाही. खरेदीदाराने पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. विक्रेत्याची नोंदणी आणि पिल्लाची लसीकरण नोंद.
२. पिल्लाची आई व तिला ठेवलेली जागा. आई दाखविण्यास नकार मिळाल्यास व्यवहार करू नये.
३. पिल्लाचे डोळे, टाळू, गुडघे, दात आणि हृदय यांची पशुवैद्यकाकडून तपासणी.
४. घरी दिवसभर कोणी असते किंवा नाही, याचा प्रामाणिक विचार.

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवानाही घ्यावा लागतो. ग्रामीण भागात लसीकरण शिबिरे भरविताना ग्रामपंचायतींनी गावातील पाळीव कुत्र्यांची नोंद ठेवल्यास आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी संपर्क साधल्यास एकही कुत्रा वगळला जाणार नाही. बाहेर न पडणारा, मांडीवरचा कुत्राही या नोंदीत असला पाहिजे.

लहान जातींचे आयुष्य दीर्घ असते. नीट निगा राखल्यास त्यांतील अनेक कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगतात. शाळेत पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू, तो मुलगा महाविद्यालयात गेल्यावरही घरात असणार आहे. पिल्लू किती लहान आहे, हे पाहण्याऐवजी ते किती निरोगी आहे आणि आपण इतकी वर्षे त्याला सांभाळू शकू काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आधी स्वतःला विचारावा. त्याचे होकारार्थी उत्तर मिळाल्यावरच पिल्लासाठी घराचे दार उघडावे.