वरचे शेत, खालचे शेत आणि आपला नळ



मदीनेजवळ हर्रा नावाची काळ्या दगडांची जमीन आहे. तेथील पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि त्यांचे एक अन्सारी शेजारी यांच्यात तंटा झाला. जुबैर यांची बाग वरच्या अंगाला होती, शेजाऱ्याची खाली. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम असा निर्णय दिला की जुबैर यांनी बाग भिजवावी व मग पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. शेजाऱ्याने त्यावर पक्षपाताचा आरोप केला आणि प्रकरण पुढे वाढले, तो भाग निराळा. दुसऱ्या एका निवाड्यात तर मापच ठरवून दिले आहे: वरच्या शेतात पाणी घोट्याइतके झाले की ते खाली सोडावे.

पुण्यातील माणसाने हा प्रसंग वाचताना स्वतःला कोणत्या जागी पाहावे? आपण वरचे आहोत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी साठवतात. तेच पाणी आपल्या नळाला येते आणि तेच कालव्याने दौंड-इंदापूरच्या शिवाराकडे जाते. शहराने अधिक उचलले की उन्हाळ्यातील आवर्तन आखडते. मग तेथील शेतकऱ्याचे उभे पीक करपते.

त्यात पावसाचा स्वभाव पालटत आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस दडी मारतो आणि येतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. मे २०२५ मध्ये तर ऐन उन्हाळ्यात दौंड, बारामती, इंदापूर जलमय झाले. असा पाऊस जमिनीत मुरत नाही, माती मात्र वाहून नेतो.

दिव्य कुरआनातील सूरह अल-मुअमिनून (आयत १८) सांगते की अल्लाह आकाशातून पाणी ठराविक प्रमाणात उतरवतो, ते जमिनीत ठेवतो आणि ते परत नेण्यासही तो समर्थ आहे. जमिनीत ठेवलेले पाणी ही अमानत आहे. आपण मात्र विंधनविहिरी खोल नेत राहिलो आणि अंगणे सिमेंटने बुजवली.

इस्राफ म्हणजे केवळ लग्नातील उधळपट्टी, असा आपल्याकडे समज रूढ झाला आहे. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, हे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुद्द म्हणजे माणसाच्या जोडलेल्या ओंजळीचे माप, फार तर लिटरभर. वुजूसाठी नळ सोडून मसह करताना गप्पा मारणारे आपण, याच सुन्नतीचे अनुयायी म्हणवतो.

येत्या शुक्रवारी घरातील मुलांना सोबत घ्या. वुजू करताना नळाखाली बादली ठेवा आणि नमाजनंतर ते पाणी लिटरच्या मापाने मोजा. मुलांना आकडा वहीत लिहू द्या, आणि मोजलेले पाणी दारातील झाडाला घाला.