बिनतारी पेटीचें वेळापत्रक

ज्या घरांत अथवा कचेरींत इंटरनेट आलें आहे, तेथें एक लहानशी पेटी दिवसरात्र लुकलुकत असते. तिला राउटर म्हणतात. तारेनें आलेला संदेश ती बिनतारी लहरींनीं घरभर पोंचविते. कचेरीला कुलूप लागलें, घरचीं माणसें निजलीं, तरी ही पेटी जागीच! खोलींतून बाहेर पडतांना दिवा मालवावा, असें आपण मुलांस शिकवितों. मग या पेटीलाच विश्रांतीची वेळ कां नसावी? ती कशी नेमावी, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

याचे मार्ग दोन. पुष्कळ राउटरांच्या सेटिंगमध्यें बंद व चालू होण्याच्या वेळा एकदां लिहून ठेवतां येतात; मग लहरी आपोआप थांबतात व सुरू होतात. दुसरा मार्ग टायमरचा. तो विजेच्या खटक्यावर बसवितात व तो पेटीची वीजच तोडतो. आठ वॅटची पेटी रोज दहा तास अशी बंद ठेविली, तर वर्षाला सुमारें २९ युनिट वीज वांचेल. पहिल्या मार्गानें बचत कमी होते. कारण लहरी थांबल्या तरी पेटी वीज घेतच असते.

दोन्ही मार्ग घड्याळावर अवलंबून आहेत, आणि चूक होते ती तेथेंच. राउटर आपली वेळ बहुधा इंटरनेटवरून घेतो, व ती जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपांच तास पुढें आहे. हा फरक सेटिंगमध्यें नोंदविला नाहीं तर काय होईल? रात्रीं १० वाजतां बंद व पहाटे ५ वाजतां चालू, असें लिहिलें असतां पेटी पहाटे ३-३० ला बंद होईल व सकाळीं १०-३० ला चालू होईल. आईवडील दहाला निश्चिंत निजतील, आणि मुलाच्या हातांतला खेळ मात्र साडेतीनपर्यंत चालेल! टायमरची तऱ्हा निराळी. चाकावर चालणारा टायमर वीज गेली कीं थांबतो. दोन तास भारनियमन झालें कीं तो दोन तास मागें पडतो, व हातानें पुन्हां लावल्यावांचून सुधारत नाहीं. म्हणून पहिले कांहीं दिवस पेटीचें घड्याळ ताडून पाहावें.

आणखी एक सावधगिरी. घरचा टेलिफोन अथवा पहाऱ्याचा कॅमेरा याच पेटीवर चालत असेल, तर वीज तोडतांच तोहि बंद पडेल. घरांत कोणी आजारी असल्यास याचा आधीं विचार करावा. आमच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामीं गांधीजी सोमवारीं मौन पाळीत. परंतु निकडीचें काम निघाल्यास चिठ्ठीवर लिहून सांगत. नियमांत निकडीसाठीं वाट ठेवणें म्हणजे नियम मोडणें नव्हे.

परंतु राउटर निजला तरी मोबाइलचें इंटरनेट मनोऱ्यावरून येतच राहतें. तेथें पेटीचें वेळापत्रक उपयोगी पडत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें २०२२ सालीं ग्रामस्थांनीं एक नियम केला. संध्याकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजे, आणि ८-३० पर्यंत घरोघरीं टी.व्ही. व मोबाइल बंद ठेवून मुलें अभ्यासास बसत. भोंग्याला कोणाचाहि मोबाइल बंद करण्याची शक्ति नव्हती. ती गांवकऱ्यांच्या संमतींत होती.

तेव्हां पालकांनीं व मुलांनीं एकत्र बसून वेळ ठरवावी, ती कागदावर लिहून भिंतीला लावावी, आणि मगच पेटीला हात घालावा. ठरल्या वेळीं वडीलधाऱ्यांनीं आपला मोबाइल प्रथम खालीं ठेवावा. त्यांनीं तो ठेविला नाहीं, तर मुलें तें वेळापत्रक फार दिवस पाळणार नाहींत.