वॉर्डातला निवासी डॉक्टर : सिस्टरच्या नजरेतून



अलोऱ्यातला गंभीर पेशंट कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे मुंबईला, केईएम-नायर-सायनला गेला, तर रात्री त्याच्या खाटेशी येतो तो बहुतेक वेळा निवासी डॉक्टर. एमबीबीएस झालेला, तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणारा. मोठे डॉक्टर राऊंड घेऊन जातात. रात्र काढतात ते सिस्टर आणि हा.

आम्ही सिस्टर त्याला डिग्रीवरून तोलत नाही. तीन गोष्टी बघतो. बोलावल्यावर येतो का? हात लावून तपासतो का, की लांबूनच केसपेपर लिहितो? आणि सिस्टरचं ऐकतो का?

तिसरी सर्वांत महत्त्वाची. मी नोकरीत असताना एका निवासी डॉक्टरने डोस दहापट लिहिला. आदल्या दिवसापासून तो ड्युटीवरच होता. मी औषध दिलं नाही, केसपेपर पुढे धरला. त्याने खोडून नीट लिहिलं, सही केली. म्हणाला, “सिस्टर, वाचवलंत.” दुसरा एक अशाच वेळी ओरडला होता, “डॉक्टर कोण, तुम्ही की मी?” चुकला तरी पहिलाच चांगला डॉक्टर.

चुकीमागे थकवाही असतो. सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलं. वॉर्डात ते क्वचितच दिसतं. त्यात आपल्या मुलांवर जातीचं ओझं वेगळं. नायरमध्ये शिकणाऱ्या आदिवासी डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. म्हणून डॉक्टरला जाब विचारावा, तसं त्याच्यावर लादलेल्या ड्युटीबद्दल रुग्णालयालाही विचारावं.

नातेवाइकांनी एवढं करा :

१. डॉक्टरचं नाव आणि तपासल्याची वेळ वहीत लिहा.
२. आधीची औषधं, ॲलर्जी, जुने कागद पहिल्याच भेटीत दाखवा.
३. श्वास, शुद्ध, लघवी, रक्तस्राव यांत फरक दिसला तर लगेच सिस्टरला सांगा. डॉक्टर आले नाहीत तर वरिष्ठांना बोलवायला सांगा.
४. डिस्चार्ज कार्ड समजून घेतल्याशिवाय निघू नका.
५. हात उगारू नका. २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार अधीक्षकांकडे लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला प्रश्नाचा राग येत नाही.